तारा आखूड का पडल्या?

मोठ्या यंत्राचा संगणकावरील आराखडा म्हणजे एकत्र कुटुंबच. एका भागाचे माप बदलले, की त्याला जोडलेल्या सर्वांना ते कळावयास हवे. एअरबसच्या ए-३८० विमानात सुमारे ५३० किलोमीटर तारा असतात. त्याच्या आराखड्यासाठी हॅम्बुर्गचे अभियंते कॅटिया प्रणालीची चौथी आवृत्ती वापरीत, तुलूजचे पाचवी. त्यामुळे सांगाड्यातील फेरबदल तारांच्या आराखड्यात नीट उतरेनात. हॅम्बुर्गहून आलेले तारांचे जुडगे तुलूजला बसविताना आखूड पडले! मग जर्मन कामगार तेथे जाऊन हातांनी तारा ओढीत राहिले. विमान सुमारे दोन वर्षे रखडले. २००७ साली कंपनीने १०,००० जागा कमी करण्याची योजना मांडली. घसरलेल्या डॉलरकडेही बोट दाखविले गेले. ते खोटे नव्हे. पण आम्ही विचारतो, दोन आवृत्त्या चालू ठेवण्याचे कोणत्या फिटरने ठरविले होते?