भूक मेली तरी गरज उरते

२०१८च्या आसपास लातूर-नांदेडकडच्या लग्नांमध्ये पंगतीत बसलेली माणसं घड्याळ बघून जेवू लागली. पंचावन्न मिनिटांचा हिशेब घरोघरी पोचला होता. त्यामागे होते डॉ. जगन्नाथ दीक्षित, लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. मूळ विचार नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. २००४ साली अपघातात जिचकार गेले आणि त्यांच्या व्याख्यानातलं सूत्र दीक्षितांनी पुढे नेलं. दिवसात कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखायच्या, त्या वेळी जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मधल्या वेळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. आपण खातो तेव्हा इन्सुलिन स्रवतं, म्हणून खाण्याच्या वेळा कमी ठेवायच्या, असा त्यामागचा युक्तिवाद. २०१८च्याच सुमारास राज्य सरकारने स्थूलत्वविरोधी अभियानासाठी दीक्षितांची निवड केली. दर दोन तासांनी थोडं खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर आणि दोनदाच खा म्हणणारे दीक्षित यांच्यावरून मराठी घरांत किती वाद झाले, ते आठवत असेल.

त्या वादात पुन्हा शिरण्याचं कारण नाही. दोनदा जेवून वजन आणि साखर आटोक्यात आलेली माणसं मराठवाड्यात आहेत, आणि दोनदा जेवून थकलेली, गळून गेलेली माणसंही आहेत. मला बोलायचं आहे ते या दुसऱ्यांविषयी. ‘दोनदा’ हा शब्द त्यांनी घट्ट धरला. त्या दोन वेळांना पोटभर जेवायचं, हा सल्ल्याचा अर्धा भाग वाटेत गळून पडला. आणि तो गळण्याचं कारण दर वेळी निष्काळजीपणाच असतं असं नाही. भूकच मरते, मग पोटभर जेवायचं कसं?

पहिल्या काही दिवसांत सकाळच्या पोह्यांच्या वेळेला पोटात कालवाकालव होते. पुढे ती थांबते. माणूस खूश होतो. त्याला वाटतं, शरीराला आता एवढंच पुरतंय. इथेच गल्लत होते.

१९९९ साली जपानमधल्या कोजिमा आणि कंगावा या संशोधकांनी घ्रेलिन नावाचं संप्रेरक शोधलं. ते मुख्यतः जठरात तयार होतं आणि मेंदूला भुकेचा निरोप देतं. त्याची एक खोड अशी की, ते आपल्या सवयीच्या जेवणवेळेआधी वाढतं आणि जेवल्यावर उतरतं. रोज नऊला नाश्ता असेल तर नऊच्या आधी चढणार. नाश्ता सोडला की काही दिवसांत ते नवं वेळापत्रक शिकतं आणि नऊ वाजता गप्प बसतं. म्हणजे भूक बऱ्याच अंशी घड्याळाला बांधलेली आहे. आजच्या दिवसात प्रथिनं किती पोटात गेली, लोह किती गेलं, याची मोजणी तिच्याकडे नाही. शिवाय पिष्टमय पदार्थ खूप कमी केले की शरीर चरबी जाळून कीटोन तयार करतं, आणि त्या अवस्थेत भूक आणखी मंदावते. वर ग्लासभर ताक, दोन-तीन वेळा कोरा चहा, जेवणाआधी वाडगाभर काकडी-टोमॅटो. पोट ताणलं जातं, मेंदूला भरल्याचा निरोप मिळतो आणि भाकरी ताटात तशीच राहते.

भूक अशी कायम गप्प राहत नाही, हेही सांगायला हवं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली पन्नास लठ्ठ माणसांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा आठवडे अगदी तुटपुंज्या उष्मांकांवर ठेवून त्यांचं वजन उतरवलं होतं. वर्ष उलटलं तरी त्यांच्या शरीरात भूक वाढवणाऱ्या संप्रेरकांचा जोर होता. आधी भूक मरते, माणूस नको इतकं कमी खातो, आणि काही महिन्यांनी तीच भूक अशी उसळते की सगळं पथ्य वाहून जातं. वजन परत येतं, पण येताना मुख्यतः चरबी येते. जाताना मात्र स्नायूही गेलेले असतात. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर घटलेल्या चार किलोंमध्ये साधारण एक किलो चरबीखेरीज इतर ऊतींचा, त्यात स्नायूंचा असतो, असा ढोबळ अंदाज आहे. प्रथिनं कमी पडली आणि व्यायाम नसला तर हा वाटा वाढतो.

आता ताटाकडे येऊ. लातूर-नांदेडकडची एखादी शिक्षिका घ्या, वजन साठ किलो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे हिला पन्नास ग्रॅम. तिच्या जेवणात ज्वारीची दीड भाकरी, साधारण पंचाहत्तर ग्रॅम पीठ, त्यातून सात ग्रॅम. वाटीभर पातळ वरण, ज्यात डाळ जेमतेम वीस ग्रॅम, त्यातून चार-साडेचार. पालेभाजीतून दोन, ताकातून एक. झाले चौदा-पंधरा. दोन वेळचे मिळून तीस. पूर्वी सकाळच्या उपम्यातून, दोन वेळच्या दुधाच्या चहातून, दुपारच्या शेंगदाण्यांतून आणखी काही ग्रॅम यायचे, ते आता बंद. भूक मेल्यावर दीडाची एक भाकरी होते, वरण अर्धी वाटी होतं, आणि आकडा विसाकडे सरकतो. गरजेच्या निम्म्याहून कमी. आणि तिला भूक लागलेली नाही!

हे ज्या जिल्ह्यात घडतं, त्या लातूरच्या बाजारात तुरीचा भाव काय फुटला याकडे दूरदूरचे व्यापारी लक्ष ठेवतात. डाळमिल इथल्या, सोयाबीनचे ढीग इथल्या आडतीवर. एवढी डाळ पिकवणाऱ्या मुलखात वरण पाण्यासारखं पातळ असावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उपाय ताटाचं आकारमान न वाढवता करायचा आहे, कारण जास्त जेवण जातच नाही. म्हणून क्रम बदलावा. ज्यांची भूक मंदावली आहे त्यांनी कोशिंबिरीचा वाडगा आधी संपवू नये, आणि जेवणाच्या तोंडावर तांब्याभर पाणी किंवा ताक पिऊ नये. पहिले घास घट्ट वरणाचे, उसळीचे, दह्याचे. वरणात माणशी चाळीस ग्रॅम डाळ घातली तर एकट्या वरणातून आठ-नऊ ग्रॅम मिळतात. तीस ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतून सात, वाटीभर घट्ट दह्यातून पाच, एका भाकरीतून पाच. झाले सव्वीस, आणि ताट पूर्वीपेक्षा मोठं नाही. अंडी खाणाऱ्यांना तर सोपं, एका अंड्यात सहा ग्रॅम. शेंगदाण्याच्या चटणीवर तेल घ्यायला घाबरू नये. भूक कमी असताना थोडक्यात उष्मांक देणारा दुसरा इतका आपला पदार्थ नाही. दळणात दहा भागांना एक भाग सोयाबीन घालणारी घरं आहेत. मात्र सोयाबीन भाजून किंवा नीट शिजवूनच पोटात गेलं पाहिजे, कच्च्यातली द्रव्यं प्रथिनांच्या पचनात आडवी येतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये.

थोड्या घासांत खूप काही कसं बसवायचं, हे या भागाला कोणी नव्याने शिकवायला नको. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला शेतात नेतात ती भज्जी आठवा. तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, वाल, पालेभाज्या, शेंगदाणे, सगळं एका भांड्यात डाळीच्या पिठात शिजलेलं. सोबत बाजरीचे उंडे आणि आंबील. वर्षातून एकदाच का करायची ही भज्जी? भूक मेलेल्या माणसासाठी एक वाटी भज्जी हे चोख जेवण आहे.

बायकांचा प्रश्न आणखी बिकट आहे. त्या सगळ्यांच्या मागून जेवतात, तेव्हा उसळ संपलेली असते. आठवड्याला एखादा वार, महिन्याला चतुर्थी आणि एकादशी, वर नवरात्र. दोन जेवणांच्या नियमात उपवास आला की एकच जेवण उरतं, तेही साबुदाण्याचं, ज्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा बाईने भूक लागत नाही म्हणून एकच भाकरी खाल्ली तर दम लागणं, केस गळणं, पाळी चुकणं यांचं खापर ती वयावर आणि कामावर फोडते. केस तर कमी खाण्याला दोन-तीन महिने झाल्यावर गळू लागतात, त्यामुळे दोन्हींचा संबंध लक्षातही येत नाही.

लातूरला शिकवणीसाठी आलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं-मुली मेसचा नाश्ता सोडतात, तेव्हा माझा जीव खालीवर होतो. अठरा वर्षांखालच्यांसाठी, गरोदर स्त्रियांसाठी आणि टाइप वन मधुमेहींसाठी ही पद्धत नाही, हे दीक्षितांनीच सांगितलेलं आहे. वाढत्या वयात भूक मारणं हा आहार नव्हे.

मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर भूक मेल्याची बातमी आधी डॉक्टरांना द्यावी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात असताना जेवण निम्म्यावर आलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. हात थरथरणं, दरदरून घाम येणं, डोकं हलकं होणं ही त्याची लक्षणं. तेव्हा ५५ मिनिटांचा नियम बाजूला ठेवून लगेच साखर खायची. २०२५च्या मार्चमध्ये तिर्झेपाटाइड हे इंजेक्शन भारतात आलं, आणि अशी भूक दाबणारी इंजेक्शनं आता निमशहरांतही पोचू लागली आहेत. त्यांनी तर जठर रिकामं व्हायलाच वेळ लागतो आणि दोन घासांत पोट तुडुंब वाटतं. ताटाचा हिशेब ती घेणाऱ्यांना इतरांहून जास्त लागू आहे.

मग आपलं खाणं कमी पडतंय हे ओळखायचं कसं? भुकेला विचारून उपयोग नाही, ती उत्तर देत नाही. आठवड्याला किलोपेक्षा जास्त वजन सलग उतरत असेल, उन्हाळ्यातही हातपाय गार पडत असतील, शौचाला तीन-तीन दिवस होत नसेल, खुर्चीवरून उठताना हाताचा आधार लागत असेल, तर खाणं कमी पडतंय असं धरून चालावं आणि हिमोग्लोबिनसह रक्त तपासून घ्यावं. वजन फार वेगाने उतरलं तर पित्ताशयात खडेही होऊ शकतात, तेव्हा उजव्या कुशीत कळ आली तर ॲसिडिटी समजून अंगावर काढू नये. आणि दोन जेवणांत पन्नास ग्रॅम बसतच नसतील, तर दुपारी चारला वाटीभर दही आणि मूठभर भाजलेले हरभरे खावेत. त्याने दोनाची तीन जेवणं होतील. होऊ द्यावीत.