उमेदवारीचें एक वर्ष

मुलगा यंत्रशास्त्राची पदवी घेऊन घरीं आला कीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांत पहिला प्रश्न निघतो तो पगाराचा. त्यांत वावगें कांहीं नाहीं. शिक्षणास पैसा लागलेला असतो, आणि एकत्र कुटुंबाचे खर्चही थोडे नसतात. परंतु केवळ या एका प्रश्नावर मुलाच्या आयुष्याची दिशा ठरवूं नये, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. तें कां, हें सांगावयाचें तर घरचीच हकीकत सांगणें भाग आहे.

आम्ही हर्सूलचे. गांव आतां छत्रपती संभाजीनगर शहरांत मिसळून गेलें असलें, तरी हरसिद्धीच्या देवळांत भेटणारीं जुनीं घराणीं अजून एकमेकांस ओळखून आहेत. माझ्या धाकट्या बंधूंचा नातू येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतून, म्हणजे १९६० सालीं स्थापन झालेल्या त्या जुन्या संस्थेंतून, गेल्या वर्षीं पदवीधर झाला. त्याच्यापुढें दोन वाटा होत्या. एक, पुण्यास संगणकाच्या कंपनींत बऱ्या पगाराची नोकरी; दुसरी, वैद्यकीय उपकरणें बनविणाऱ्या एका कारखान्यांत वर्षभराची पदवीधर उमेदवारी. दुसरीकडील विद्यावेतन पहिलीकडच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तरी त्याचा ओढा तिकडेच. बंधूंनीं निवाडा मजवर सोपविला. मी जरा कठोरपणेंच म्हणालों, “चार वर्षें शिकून पुन्हां शिकाऊच राहावयाचें काय?”

“आबा,” तो म्हणाला, “मीं यंत्रें कागदावर पुष्कळ काढलीं. हातानें एकही वस्तु नीट केलेली नाहीं.”

या उत्तरानें मी निरुत्तर झालों, पण पटलें मात्र नाहीं. मग चौकशी केली. ही उमेदवारी म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यांत १९७३ सालीं दुरुस्ती होऊन पदवीधर व पदविकाधारक यांचा समावेश झाला. आमच्या भागाचें काम मुंबईचें प्रशिक्षण मंडळ पाहतें, आणि किमान विद्यावेतनाचा अर्धा भार केंद्र सरकार उचलतें. वर्ष पुरें झाल्यावर प्रमाणपत्र मिळतें. नोकरी मिळेलच, असें मात्र कायदा सांगत नाहीं.

धंद्याचें स्वरूपही समजून घेतलें. वैद्यकीय उपकरणांविषयींचे २०१७ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून अंमलांत आले. त्यांत रुग्णास असणाऱ्या धोक्याप्रमाणें उपकरणांचे चार वर्ग केले आहेत. जीभ दाबून घसा पाहण्याची पट्टी सर्वांत खालच्या वर्गांत, तर हृदयाची कृत्रिम झडप सर्वांत वरच्या. मोटारीचा सुटा भाग बिघडला तर बहुधा गाडी रस्त्यांत अडते. येथें तसें नाहीं. म्हणून कच्चा माल कोठून आला, कोणत्या यंत्रावर, कोणाच्या हातून, किती तापमानावर काम झालें, याची नोंद प्रत्येक खेपेस ठेवावी लागते.

हें ऐकतांना मला सुश्रुतसंहिता आठवली. सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायांत वीस शस्त्रें सांगून त्यांचे आठ दोष मोजले आहेत: वाकडेपणा, बोथटपणा, खरबरीत धार, प्रमाणाबाहेर लांबी अथवा आखूडपणा इत्यादि. भेदनाच्या शस्त्राची धार मसुराएवढी, लेखनाची त्याच्या निम्मी, वेधनाची केसाएवढी आणि छेदनाची अर्ध्या केसाएवढी असावी, असें मापही दिलें आहे. नवव्या अध्यायांत तर शास्त्र पढलेला शिष्यदेखील हाताच्या सरावावांचून कर्मास अयोग्य ठरविला आहे. त्यानें छेदनाचा अभ्यास कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर करावा. या सरावास तेथें ‘योग्या’ म्हटलें आहे. हे अध्याय मीं अनेक वेळां वाचले होते. पण आम्ही पांढरपेशे लोक ग्रंथांतील हाताच्या कामाचें कौतुक करतों आणि घरांतील मुलाच्या हाताला तेल लागलेलें आम्हांस खपत नाहीं. मीं संमति दिली.

दिवाळीस मुलगा आला तेव्हां एक गोष्ट त्यानें हळूच सांगितली. निर्जंतुक करावयाच्या नळ्यांचीं वेष्टनें बंद करणाऱ्या यंत्राचें तापमान तासातासानें लिहिण्याचें काम त्याजकडे होतें. सांधा कच्चा राहिला तर वेष्टनांत जंतु शिरण्याची भीति. एके दिवशीं एक नोंद राहून गेली, ती त्यानें मागाहून अंदाजानें भरली. कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. रात्रभर त्यास झोंप लागली नाहीं. सकाळीं जाऊन त्यानें वरिष्ठांस सांगितलें. तो सगळा माल अडकवून पुन्हां तपासण्यांत आला. आतां घरीं पाठवितील, अशी त्याची खात्री होती. वरिष्ठांनीं दंड केला नाहीं, शाबासकीही दिली नाहीं. घडलें तें कारणासह लिहून खालीं सही करावयास लावलें.

मीं तीसाहून अधिक वर्षें उत्तरपत्रिका तपासल्या. आपण होऊन चूक सांगणारा विद्यार्थी क्वचितच भेटला, कारण चुकीबद्दल गुण कापण्याखेरीज दुसरें कांहीं आम्हीं केलेंच नाहीं.

तरुणांच्या हातून या क्षेत्रांत मोठें काम होतें काय, अशी शंका कोणी घेईल. २०२० च्या साथींत पुण्याच्या नोक्का रोबोटिक्समधील तरुण अभियंत्यांनीं, जे तोंवर सौर तावदानें साफ करणारीं यंत्रें बनवीत होते, सुमारें तीन महिन्यांत कृत्रिम श्वसनाचें यंत्र सिद्ध केलें. मात्र त्यांच्या पाठीशीं कानपूरच्या आय. आय. टी.चे प्राध्यापक, डॉक्टर व अनुभवी उद्योजक होते, हें विसरूं नये.

तेव्हां वडीलधाऱ्यांनीं पगाराबरोबर आणखी चार प्रश्न विचारावे. कारखान्यास आयएसओ १३४८५ या मानकाचें प्रमाणपत्र आहे काय? मुलास उत्पादन, गुणवत्ता, रचना अशा निरनिराळ्या खात्यांत फिरवितात, कीं एकाच यंत्रापाशीं उभा करतात? शिकविणारा अनुभवी मनुष्य कोण? आणि वर्षानंतर काय, हें लेखी मिळेल काय? दूर जाण्याचीही तयारी हवी. २०२० च्या केंद्रीय योजनेंत उपकरण-उद्यानांसाठीं निवडलेलीं चार राज्यें हिमाचल, तामिळनाडु, मध्य प्रदेश व उत्तर प्रदेश हीं होत.

आमच्या मुलाची उमेदवारी संपावयास अजून चार महिने आहेत. पुढें तेथेंच नोकरी लागेल कीं नाहीं, हें आज सांगवत नाहीं, आणि त्याच्या आजीची काळजी कांहीं मिटलेली नाहीं. परंतु तो निवाडा माझ्याकडे पुन्हां आला, तर मी त्यास दारांत उभा करून तो कठोर प्रश्न विचारणार नाहीं.