आपला सर्व्हर : भाग ७ – नियोजित देखभालीच्या आधी

जून-जुलैत प्रवेशाची धावपळ असते आणि त्याच सुमारास पर्लकोटा नदीला पूर येतो. पूल पाण्याखाली गेला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा दिवसांत कसाबसा सेवा केंद्रापर्यंत पोचलेल्या विद्यार्थ्याला ‘सर्व्हर डाऊन’ ऐकावं लागलं तर त्याची खेप वाया जाते, कधी अर्जाची मुदतही. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीतल्या संस्थांची संकेतस्थळं सांभाळणाऱ्यांनी होस्टिंग कंपनीची देखभालीची सूचना नुसती वाचून सोडून देऊ नये.

आधी वेळ बघा. ती यूटीसीत दिली असेल तर साडेपाच तास मिळवा. ‘शनिवार, २०:३०’ म्हणजे आपली रविवारची पहाट, २ वाजता. सर्व्हर न्यूयॉर्कजवळ असेल आणि कंपनीने तिथली मध्यरात्र निवडली असेल, तर उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. ऐन कामाची वेळ! तारीख बदलून मिळत असेल तर लगेच मागून घ्या. ताडोबाचं कोअर क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं, त्यामुळे तिथल्या रिसॉर्टवाल्यांना पावसाळा सोयीचा. महाविद्यालयांना तो मुळीच चालणार नाही.

एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल सर्व्हर चालतात. त्या यंत्राची मेमरी बदलायची किंवा कर्नल अद्ययावत करायचा असेल आणि चालू सर्व्हर दुसरीकडे हलवता येत नसतील, तर सगळेच बंद करावे लागतात. पण खरा घोळ बंद होण्यात नाही, पुन्हा सुरू होण्यात आहे. महिनोन्महिने न थांबलेल्या सर्व्हरवर कुणीतरी एखादी सेवा हाताने सुरू केलेली असते; ती बूटच्या वेळी आपोआप उठेल अशी नोंद करायची राहून गेलेली असते. जोडलेल्या डिस्कचंही तेच. तिची नोंद एफएसटॅबमध्ये नसेल तर रीबूटनंतर डेटाबेसला आपलं फोल्डर रिकामं दिसतं आणि सगळे अर्ज उडाल्यासारखे वाटतात. ते डिस्कवर सुरक्षित असतात, पण हे कळेपर्यंत तोंडचं पाणी पळतं. म्हणून चार-पाच दिवस आधी, शांत वेळ बघून, स्वतःच एकदा रीबूट करा. त्याआधी बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या ठिकाणी उतरवा. त्याच यंत्रावरच्या स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका.

ठरलेल्या वेळेआधी डेटाबेस रीतसर थांबवून सर्व्हर स्वतः बंद करा. त्या वेळेत क्रॉनची कामं असतील तर टिपून ठेवा, ती नंतर हाताने चालवावी लागतील. येणाऱ्या ईमेलची फारशी काळजी नको. पाठवणारे सर्व्हर सहसा काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. ‘देखभाल सुरू आहे’ हे पान मात्र दुसऱ्या सर्व्हरवर ठेवा, कारण बंद सर्व्हर ते दाखवणार कसं? सेवा केंद्रचालकांना दोन दिवस आधी फोन किंवा व्हॉट्सअॅपवर कळवा.

सर्व्हर परत आला की मुखपृष्ठ उघडलं म्हणून थांबू नका. मोबाइलच्या डेटावरून चाचणीचा एक अर्ज भरा, ओटीपी येऊ द्या, पावती उतरवून बघा. हे तिन्ही जमलं की मगच केंद्रचालकांना ‘सुरू’ म्हणून कळवा.