मूत्राची निर्जंतुकता : एका समजुतीचे परीक्षण

शरीरातील द्रवांची शुद्धाशुद्धता आपण बहुधा किळसेच्या मापाने ठरवितो. शास्त्राला ती मोजून ठरवावी लागते. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर लाळेत सुमारे १० कोटी जंतू असतात. याउलट मेंदू व मेरुरज्जू यांभोवतीचा द्रव निरोगी अवस्थेत निर्जंतुक असतो. या दोन टोकांच्या दरम्यान मूत्राचे स्थान कोणते, हा प्रश्न उद्बोधक आहे.

'निरोगी माणसाचे मूत्र निर्जंतुक असते' हे विधान पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ येत राहिले. १९५६ च्या सुमारास बोस्टन येथील एडवर्ड कॅस यांनी मिलिलिटरमागे १ लाख जंतू ही मर्यादा सुचविली. मूत्रमार्गाचा खरा संसर्ग कोणता आणि नमुना घेताना बाहेरून मिसळलेले जंतू कोणते, हे ओळखण्यासाठी ती होती. ती संसर्गाची कसोटी होय, निर्जंतुकतेची नव्हे; व्यवहारात मात्र हा भेद पुसट झाला. शिवाय रूढ संवर्धनपद्धतीत अवघा एक मायक्रोलिटर मूत्र माध्यमावर पसरून एक दिवस हवेत उबवितात. म्हणजे एक वसाहत दिसण्यासाठीच मिलिलिटरमागे सुमारे १,००० जंतू हवेत. सावकाश वाढणारे किंवा प्राणवायू न सोसणारे जंतू तर दृष्टीआडच राहतात.

२०१४ मध्ये अमेरिकेतील लोयोला विद्यापीठाच्या संशोधकांनी ६५ स्त्रियांचे मूत्र नळीवाटे थेट मूत्राशयातून घेतले. त्यांत मूत्राशयाची तक्रार असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या स्त्रिया होत्या. शंभरपट मूत्र, विविध माध्यमे व अधिक अवधी यांचा अवलंब करताच ५२ नमुन्यांत जंतू वाढले. यांपैकी ४८ नमुन्यांविषयी रूढ पद्धतीचा निर्णय 'वाढ नाही' असाच होता.

यावरून मूत्र अपायकारक ठरते काय? मुळीच नाही. जंतूंची संख्या आणि त्यांचा उपद्रव या भिन्न गोष्टी आहेत. कोट्यवधी जंतू बाळगणारी लाळ आपण दिवसभर गिळतो; उलट जंतुसंवर्धनात निर्मळ ठरलेल्या रक्तातूनही यकृतदाहाचा 'ब' विषाणू संक्रमित होऊ शकतो. म्हणूनच लक्षणे नसताना केवळ मूत्रात जंतू आढळले, एवढ्यावरून प्रतिजैविके देणे गर्भावस्थेसारखे अपवाद वगळता उचित मानले जात नाही.

तात्पर्य, 'वाढ नाही' हे विधान द्रवाइतकेच पद्धतीविषयीही असते. अहवाल वाचताना किती द्रव, कोणते माध्यम व किती अवधी, हे तीन प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारावेत.