चॅट सर्व्हरचा बॅकअप घ्यावा कसा, परत उतरवावा कसा

२६ जुलै २०१९ च्या रात्री उल्हास नदी फुगली आणि कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान चामटोलीजवळ पाण्यात अडकली. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ, नौदल, हवाई दल आणि गावकऱ्यांनी मिळून सुमारे १,०५० प्रवाशांना सुखरूप बाहेर काढले. या पट्ट्यात ज्या शाळा, संस्था किंवा कारखाने आपल्या माणसांच्या गप्पांसाठी स्वतःचा सर्व्हर चालवतात, त्यांनी हा पूर धरूनच बॅकअपचा विचार करावा. दुसरी प्रत अंबरनाथ किंवा उल्हासनगरला ठेवून भागत नाही. तिथून वाहणारी वालधुनीही उल्हासलाच मिळते. प्रत नाशिकला किंवा नागपूरला असावी.

उदाहरणादाखल सिनॅप्स घेऊ. मॅट्रिक्स या खुल्या चॅट पद्धतीचा हा प्रचलित सर्व्हर, आणि त्याचा डेटाबेस असतो पोस्टग्रेस. जपायच्या गोष्टी तीन: डेटाबेस, सदस्यांनी चढवलेले फोटो-फाइली, आणि सेटिंगच्या फाइलसोबत सर्व्हरची सहीची चावी.

डेटाबेस चालू असताना त्याचे फोल्डर नुसते कॉपी करू नये. पहिली फाइल दहा वाजताची आणि शेवटची दहा वीसची निघाली, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. त्यासाठी पीजी-डंप हे साधन आहे. ते सुरू होते त्या क्षणाचे चित्र धरून ठेवते. पुढे लोक संदेश टाकत राहिले तरी डंपमध्ये त्याच क्षणाची सुसंगत अवस्था उतरते, आणि कोणाचे काम अडत नाही. डंप ‘कस्टम’ प्रकारात घ्यावा. तो आकाराने आटोपशीर राहतो आणि उतरवताना अनेक तक्ते एकाच वेळी भरता येतात.

एका तक्त्यातली माहिती मात्र मुद्दाम वगळायची, ती म्हणजे एकदाच वापरायच्या चाव्यांची. प्रत्येक फोन अशा चाव्यांचा साठा सर्व्हरवर ठेवतो. कोणी त्या फोनशी नवे कूटबद्ध संभाषण सुरू केले की सर्व्हर त्यातली एक चावी देतो आणि ती साठ्यातून काढून टाकतो. जुना बॅकअप उतरवला तर वापरून झालेल्या चाव्या पुन्हा साठ्यात येतात. सर्व्हर त्या दुसऱ्या कोणाला देतो, पण फोनने आपला जोडभाग केव्हाच पुसलेला असतो. मग संदेश पोहोचतो, पण उघडत नाही. तक्ता रिकामा उतरला, तर फोन नव्या चाव्या चढवतात आणि काम सुरळीत चालते.

आधी डंप, मग फोटोंचे फोल्डर, हा क्रम पाळावा. उलट केले तर मधल्या वेळात चढवलेल्या फोटोची नोंद डेटाबेसात येते, पण फोटो बॅकअपमध्ये नसतो. फोल्डरही स्थानिक सदस्यांच्या फाइलींचेच घ्यावे. दुसऱ्या सर्व्हरांवरून आलेले फोटो सर्व्हर पुन्हा मागवून घेऊ शकतो.

सहीच्या चावीला जपावे. ती ज्याच्या हाती पडेल तो तुमच्या सर्व्हरच्या नावाने बोलू शकतो. म्हणून सगळा बॅकअप कूटबद्ध करूनच बाहेर पाठवावा. सदस्यांनाही एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी: कूटबद्ध खोल्यांमधला मजकूर सर्व्हरलाही वाचता येत नाही. ज्याने फोन गमावला आणि आपली रिकव्हरी-चावी लिहून ठेवली नाही, त्याचे जुने संदेश सर्व्हरच्या बॅकअपमधूनही वाचता येणार नाहीत.

आता उतरवणे. जुने यंत्र अर्धवट चालू असेल तर ते पूर्ण बंद करावे. एकाच नावाचे दोन सर्व्हर एकाच वेळी चालता कामा नयेत. नव्या यंत्रावर आधी डेटाबेसचा वापरकर्ता तयार करावा, मग यूटीएफ-८ आणि ‘सी’ लोकेल देऊन रिकामा डेटाबेस. सिनॅप्सला हेच लोकेल लागते. मग पीजी-रिस्टोअर चालवावे आणि ते संपल्यावर ॲनलाइझ ही आज्ञा द्यावी. ती राहिली तर पोस्टग्रेसला तक्त्यांचा अंदाज नसतो आणि सर्व्हर रखडत चालतो. फोटो, चावी, सेटिंग जागच्या जागी ठेवल्यावरच सिनॅप्स सुरू करावा.

याला वेळ किती लागतो, हे आधी मोजून ठेवलेले बरे. २ सप्टेंबर २०२५ रोजी मॅट्रिक्स डॉट ऑर्ग या सार्वजनिक मॅट्रिक्स सर्व्हरच्या डेटाबेसच्या डिस्क बिघडल्या, तेव्हा ५५ टेराबाइटचा साठा परत आणावा लागला आणि सेवा दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाली. गिटलॅब या कोड साठवण्याच्या सेवेवर ३१ जानेवारी २०१७ ला याहून वाईट वेळ आली. चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला आणि मग कळले, की पीजी-डंपची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नसल्याने बॅकअप होतच नव्हते. बिघाडाच्या सूचनांचे ईमेलही पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांची माहिती गेली.

म्हणून महिन्यातून एकदा वेगळ्या यंत्रावर बॅकअप उतरवून पाहावा. त्या यंत्राचे इंटरनेट बंद ठेवावे, नाहीतर ते खऱ्या सर्व्हरच्या नावाने बाहेर बोलू लागेल. लॉगिन होते का, जुन्या खोलीतले संदेश दिसतात का, वर्षभरापूर्वीचा फोटो उघडतो का, हे पाहावे, लागलेला वेळ वहीत लिहावा आणि चाचणीची प्रत पुसून टाकावी.