भानगढ : ओसाड नगर आणि त्याचे शाप

राजस्थानातील अलवर जिल्ह्यात, सरिस्काच्या अरण्याला लागून, अरवलीच्या डोंगरांच्या कुशीत भानगढ नावाचे एक जुने नगर आहे. त्याला नगर म्हणावयाचे ते त्याच्या भिंती अद्याप उभ्या आहेत म्हणून. मनुष्यवस्ती तेथे दोनशे वर्षांहून अधिक काळ नाही. तटाच्या दरवाजातून आत शिरले की प्रथम हनुमंताचे मंदिर लागते. तेथून एक फरसबंदी रस्ता सरळ डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या राजवाड्याकडे जातो. रस्त्याच्या दोन्ही अंगांस दुकानांच्या ओळी आहेत. त्यांचे चौथरे जागच्या जागी आहेत, मधल्या भिंती आहेत, आणि छप्पर मात्र एकाही दुकानावर नाही. या भागास आजही ‘जौहरी बाजार’ म्हणतात. पुढे नर्तकींची हवेली म्हणून दाखविली जाणारी वास्तू, गोपीनाथाचे उंच जोत्यावरील मंदिर, सोमेश्वराचे मंदिर आणि त्याच्या शेजारचे झऱ्याच्या पाण्याचे कुंड. शेवटी राजवाडा : तो सात मजली होता असे सांगतात, आज त्याचे जेमतेम चार मजले उरले आहेत.

हे सारे पाहावयास येणाऱ्या माणसाचे लक्ष सहसा या वास्तूंकडे नसते. भारतातील सर्वांत अधिक भुताटकीचे स्थान अशी भानगढची ख्याती आहे. सूर्यास्तानंतर तेथे थांबलेला मनुष्य परत येत नाही. रात्री बाजारात गलबला ऐकू येतो. हवेलीतून घुंगरांचा नाद येतो. कोणी घरावर नवे छप्पर घातले तर ते रातोरात कोसळते, अशा कथा दूरदूरपर्यंत पसरल्या आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे लावलेला फलक तर या कथांचा सरकारी पुरावाच समजला जातो. सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर भानगढच्या हद्दीत प्रवेश करण्यास मनाई आहे, असे त्यावर लिहिले आहे. सरकारही भुतांना मानते, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात येतो.

भानगढ ओस का पडले, याविषयी लोकांत मुख्यतः दोन आख्यायिका आहेत. पहिली आख्यायिका बाळूनाथ नावाच्या एका योग्याची आहे. नगर वसविण्यापूर्वी तो याच ठिकाणी तपश्चर्या करीत असे. राजाने त्याची अनुज्ञा मागितली तेव्हा त्याने ती एका अटीवर दिली : वाड्याची सावली आपल्या आसनावर पडता कामा नये. ज्या दिवशी ती पडेल त्या दिवशी नगराचा नाश होईल. पुढे राजवंशातील कोणा एकाने गर्वाने वाड्यावर मजले चढविले, सावली योग्याच्या स्थानापर्यंत पोहोचली, आणि नगर उद्ध्वस्त झाले.

दुसरी आख्यायिका अधिक लोकप्रिय आहे. रत्नावती नावाच्या राजकन्येच्या लावण्यावर सिंघिया नावाचा एक तांत्रिक लुब्ध झाला. राजकन्येची दासी बाजारात सुगंधी तेल घ्यावयास आली असता त्याने त्या तेलावर वशीकरणाचा मंत्र टाकला. रत्नावतीने कपट ओळखले आणि तेल एका शिळेवर ओतून दिले. त्याबरोबर शिळा गडगडत निघाली व तिच्याखाली तांत्रिक चिरडला गेला. मरता मरता त्याने शाप दिला की, या नगरातील कोणीही जिवंत राहणार नाही आणि त्यांच्या आत्म्यांना गतीही मिळणार नाही. पुढच्याच वर्षी शेजारच्या अजबगढशी युद्ध झाले, त्यात राजकन्येसह सारे नगर कामास आले, अशी या कथेची समाप्ती आहे.

आता इतिहास काय सांगतो ते पाहू. अंबरचे राजे भगवंतदास यांनी हे नगर १५७३ मध्ये वसविले असे मानतात. अकबराचे प्रसिद्ध सेनापती मानसिंह यांचे धाकटे बंधू माधोसिंह यांनी ते आपले ठाणे केले. माधोसिंहांच्या मागून छत्रसिंह आले. १६३० मध्ये ते मारले गेले. त्यांचे पुत्र अजबसिंह यांनी जवळच अजबगढ बांधले. म्हणजे दंतकथेतील शत्रूचे नगर हे वस्तुतः भानगढच्याच वंशाने वसविलेले होते. १७२० च्या सुमारास सवाई जयसिंहांनी भानगढ आपल्या राज्यास जोडून टाकले. १७२७ मध्ये त्यांनी जयपूरची स्थापना केली आणि ठिकठिकाणच्या व्यापाऱ्यांना व कारागिरांना तेथे वसण्यास उत्तेजन दिले. ज्या गावाची राजधानी जाते त्या गावाचा बाजार फार काळ टिकत नाही. दरबार गेला की जवाहिऱ्यांची गिऱ्हाइके गेली, आणि गिऱ्हाइकांमागून जवाहिरेही जाणारच.

अशा रीतीने आधीच क्षीण झालेल्या या नगरावर १७८३ मध्ये शेवटचा घाला पडला. त्या साली दिल्लीपासून पंजाबपर्यंत आणि राजपुतान्यापासून काश्मीरपर्यंत भयंकर दुष्काळ पडला. विक्रम संवताचे ते १८४० वे वर्ष. म्हणून लोकांनी त्या दुष्काळास ‘चालीसा’ हे नाव दिले. राजस्थानात मोठ्या दुष्काळांना असे सालांवरूनच ओळखतात. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९–१९०० चा दुष्काळ, ‘छप्पनिया’ या नावाने आजही लोकांच्या बोलण्यात येतो. चालीसा दुष्काळानंतर भानगढमध्ये पुन्हा वस्ती झाली नाही.

येथे एक प्रश्न सहजच मनात येतो. नगर ओसाड होण्याचे असे सरळ कारण उपलब्ध असताना लोकांनी योग्याचा आणि तांत्रिकाचा शाप का पत्करला? त्याचे उत्तर दुष्काळाच्या स्वरूपातच आहे. युद्धाला दिवस असतो, शत्रू असतो, जय आणि पराजय असतो. दुष्काळाला यांपैकी काहीही नसते. पाऊस एक वर्ष ओढ देतो, मग दुसरे वर्ष. विहिरी खोल जातात. प्रथम गुरे विकली जातात, मग भांडी, मग दागिने. ज्यांच्यापाशी बैल उरले आहेत ते माळव्याच्या वाटेला लागतात. ज्यांच्यापाशी काही उरले नाही ते घरातच राहतात. अशा मरणाची कथा सांगावयास आरंभ कोठून करावा आणि दोष कोणाच्या माथी मारावा? शापाच्या कथेत मात्र सारे नेमके असते. अपराध करणारा एक असतो, क्षण एक असतो आणि शिक्षा एका रात्रीत होते.

दुसरी एक गोष्टही लक्षात घेतली पाहिजे. भानगढच्या आख्यायिका भानगढच्या लोकांनी सांगितलेल्या नाहीत. जे मेले ते सांगू शकत नव्हते आणि जे गेले ते परतले नाहीत. आसपासच्या गावांतील लोकांनी, गुराख्यांनी आणि वाटसरूंनी बाहेरून काय पाहिले? रिकाम्या घरांच्या ओळी, माणसांवाचून उभा असलेला बाजार आणि दिवा न लागलेला वाडा. जे डोळ्यांपुढे होते त्याचे कारण त्यांनी आपल्या परीने शोधले.

त्यांना सर्वांत गूढ वाटली असतील ती छप्परे. घरे उघडी पडली आहेत आणि मंदिरांची शिखरे तशीच आहेत, हे पाहून शापाने देवांना तेवढे वगळले असे कोणासही वाटेल. तथापि या भेदाचे कारण बांधकामात आहे. राहत्या घरांच्या भिंती ओबडधोबड दगड रचून उभारलेल्या असतात आणि त्यांच्या छपरांना दरसाल डागडुजी लागते. एक-दोन पावसाळे ती चुकली की पाणी मुरते, सांधे सुटतात आणि प्रथम छप्परच खाली येते. शिवाय सोडून दिलेल्या गावातील तुळया, चौकटी आणि लाद्या आसपासचे लोक उचलून नेतात. ही रीत सर्वत्र आहे. मंदिरांची गोष्ट वेगळी. ती घडीव दगडांची असून त्यांचा एक थर दुसऱ्यावर आपल्याच भाराने बसलेला असतो. शिवाय देवळाचा दगड घरी नेण्यास मनुष्य धजत नाही.

रात्रीच्या आवाजांचे मूळही दूर शोधावयास नको. सरिस्काचे अरण्य १९७८ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. तेथील वाघ २००५ पर्यंत नाहीसे झाले होते. २००८ पासून रणथंभोरहून वाघ आणून त्यांची पुन्हा वस्ती करण्यात आली. बिबळे, तरस, कोल्हे आणि सांबरे यांचा या डोंगरांत वावर आहे. भानगढच्या अवशेषांत वानरांच्या टोळ्या असतात, जुने वड आहेत आणि केवड्याचे बन आहे. उघड्या भिंतींच्या गल्ल्यांतून वारा वाहू लागला आणि त्याबरोबर केवड्याचा वास आला, तर ज्याने सुगंधी तेलाची कथा ऐकली आहे त्याच्या अंगावर काटा येणे स्वाभाविक आहे. फलकाचे रहस्य तर त्याहून साधे आहे. ज्या संरक्षित स्मारकासाठी वेगळी वेळ ठरविलेली नाही ते सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर उघडे राहू नये, असा १९५९ च्या स्मारकविषयक नियमांचाच दंडक आहे. ज्या स्मारकाच्या अंगणात रात्री बिबळ्या येण्याचा संभव आहे तेथे हा नियम अधिक काटेकोरपणे पाळला गेला तर नवल नाही.

परंतु आख्यायिकांचे असे निरसन करून थांबणे योग्य होणार नाही. कारण त्यांनी आणखी एका व्यक्तीवर अन्याय केला आहे. नाभादासांच्या ‘भक्तमाल’ या ग्रंथात आणि त्यावर प्रियादासांनी १७१२ मध्ये रचलेल्या टीकेत रत्नावती नावाच्या एका राणीचे चरित्र आले आहे. ती याच माधोसिंहांची पत्नी. तिची दासी अखंड नामस्मरण करीत असे. तिच्यामुळे राणीस भक्तीची गोडी लागली. तिने पडदा टाकून दिला आणि ती साधुसंतांच्या मेळ्यात बसू लागली. राजास हे कुळाला कमीपणा आणणारे वाटले आणि तिचा अंत करण्यासाठी तिच्या महालात सिंह सोडण्यात आला. राणीने त्याला नृसिंह मानून त्याची पूजा केली आणि सिंहाने तिला स्पर्शही केला नाही, असे हे चरित्र सांगते.

ही कथाही चमत्काराचीच आहे. परंतु दोन्ही कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. नाव तेच, राजकुल तेच, दासीही दोहोंत आहे. भक्तांच्या कथेतील रत्नावती स्वतःच्या मनाने वागते, घराण्याचा रोष पत्करते आणि तरून जाते. दंतकथेतील रत्नावतीचे केवळ रूप उरले आहे, आणि तेच नगराच्या नाशाचे निमित्त ठरले आहे. दासीच्या मुखात एके काळी हरिनाम होते. दंतकथेत तिच्या हाती मंतरलेल्या तेलाची कुपी आली.

सर्वच आख्यायिका सत्य झाकतात असे मात्र नव्हे. पश्चिम राजस्थानात जैसलमेरजवळ कुलधरा हे असेच एक ओसाड गाव आहे. तेथील पालीवाल ब्राह्मणांनी सालिमसिंह या दिवाणाच्या जुलमामुळे एका रात्रीत गाव सोडले आणि येथे पुन्हा कोणी नांदणार नाही असा शाप दिला, अशी कथा आहे. एका रात्रीची गोष्ट अतिशयोक्तीची असेल. विहिरींचे पाणी आटणे हेही गाव उठण्याचे एक कारण अभ्यासक मानतात. परंतु सालिमसिंहाचा जुलूम खरा होता. कर्नल टॉड यांनी आपल्या राजस्थानच्या इतिहासात त्याच्या पिळवणुकीची नोंद केली आहे. येथे शापाने अन्यायाची आठवण जपली. भानगढच्या शापात मात्र उपाशी माणसे कोठेच दिसत नाहीत.

म्हणून भानगढ पाहावयास जाणाऱ्याने भुतांचा शोध अवश्य घ्यावा. पण तो दिवसाउजेडी आणि बाजाराच्या रस्त्यावर घ्यावा. एखाद्या दुकानाच्या चौथऱ्यावर क्षणभर बसावे. येथे कोणी तरी तागडी टांगीत असे, दिवेलागणीला हिशेब करीत असे. पलीकडे उंबरठा आहे. तो ओलांडून एका वर्षी घरातील माणसे बाहेर पडली आणि परत आली नाहीत. त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत आणि कोणत्याही आख्यायिकेत नाहीत. दुष्काळाला लोकांनी वर्षाचा आकडा दिला, तेवढीच त्यांची खूण मागे राहिली आहे.