ड्रायरच्या नळीतील तूस : धोकाही आणि धंदाही

नवा टॉवेल किंवा सुती चादर पहिल्या दोन-चार धुण्यांत भरपूर तूस सोडते, हे आम्ही कापड व्यापारी गिऱ्हाइकाला नेहमीच सांगतो. कपडा दोरीवर वाळविला की ही तूस वाऱ्यावर उडून जाते. ड्रायरमध्ये वाळविला तर ती कोठे जाते, याचा विचार मात्र फार थोडे लोक करतात.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात कारखान्यांचे गणवेश, हॉटेलांच्या चादरी आणि रुग्णालयांचे कपडे रोज धुतले जातात. जून ते सप्टेंबर दोरीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून मोठ्या लॉन्ड्रीला ड्रायर लागतोच. आता काही सदनिकांतही तो आला आहे.

यंत्राचे काम सोपे आहे. गरम हवा फिरत्या पिंपातून जाते, कपड्यांतील ओल घेते आणि नळीवाटे बाहेर पडते. जाळी बरीचशी तूस अडविते, सगळी नाही. उरलेली ओलसर हवेबरोबर नळीत जाते आणि वळणावर चिकटते. वाट अरुंद झाली की कपडे उशिरा वाळतात, वीज किंवा गॅस जास्त जळतो, यंत्र तापते. सुकलेली तूस तर कापसासारखी पेट घेते. ड्रायर गॅसवर चालणारा असेल, तर नळी तुंबल्याने कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू खोलीत भरण्याचेही भय असते.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अहवालानुसार 2008 ते 2010 या काळात तेथे दरवर्षी सुमारे 2,900 घरांत ड्रायरमुळे आगी लागल्या. वर्षाला सुमारे 5 माणसे दगावली, 100 जखमी झाली आणि साडेतीन कोटी डॉलरचे नुकसान झाले. सफाई न करणे हे सर्वांत मोठे कारण होते, 34 टक्के. म्हणूनच तेथे नळी साफ करणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे. डोंगराळ गावांत बर्फाने नळीचे तोंड बुजते. आपल्याकडे ते काम कबुतराचे घरटे करू शकते.

9 मे 2019 रोजी पुण्याजवळ उरुळी देवाची येथे साडीच्या दुकानाला पहाटे आग लागली आणि आत झोपलेले 5 कामगार मरण पावले. दार बाहेरून बंद होते, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. ती आग ड्रायरची नव्हती. परंतु कपड्याच्या ढिगाशेजारी कामगार झोपत असतील, तर मालकाची जबाबदारी किती मोठी आहे, हे त्यातून कळावे.

लॉन्ड्रीवाल्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात. प्रत्येक घाण्यानंतर जाळी झाडावी. नळीची तपासणी ठरलेल्या तारखेला करावी. घरगुती नळी वर्षातून एकदा तरी साफ करून घ्यावी. नळी गुळगुळीत पत्र्याची, आखूड आणि कमी वळणांची असावी, प्लॅस्टिकची नको. जोडावर आत टोक निघेल असा स्क्रू मारू नये, त्यात तूस अडकते. बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी न लावता हवेने उघडणारी झडप लावावी. स्वयंपाकघरातील तेलकट फडकी वाळवून गरम असतानाच ढीग करून ठेवू नयेत; तेल आतल्या आत तापून ती आपोआप पेटू शकतात. कामगाराच्या खोलीचे दार बाहेरून कधीच बंद करू नये.

कपडे वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागणे, जळका वास येणे, झडप न उघडणे ही नळी तुंबल्याची लक्षणे होत. अशा वेळी यंत्र बंद करून कारागीर बोलवावा.

आमच्या कारागीर बांधवांसाठी येथे रोजगार आहे. जो पत्र्याचे काम किंवा एसीची दुरुस्ती जाणतो, त्याला हे काम लवकर जमेल. लवचिक दांड्याचा लांब ब्रश, चांगला व्हॅक्यूम आणि वीज-गॅस बंद करूनच काम करण्याची शिस्त, एवढे भांडवल पुरे. लॉन्ड्रीशी वर्षाचा करार करावा, निघालेली तूस मालकाला दाखवावी आणि तारखेसह पावती द्यावी. नळी आतून कोणी पाहत नाही, म्हणून या धंद्यात हुन्नराइतकाच इमानही लागतो. वरवर ब्रश फिरवून पैसे घेणारा कारागीर गिऱ्हाइकाच्या घरात आगीचे सामान सोडून जातो.